मनमाड जंक्शन आणि दोन रुपयांचे नाणे

मनमाड हे गाव बघायला म्हणून कोणी जात नाही. तिथे लोक जातात ते गाडी बदलायला. कुणाला शिर्डी गाठायची असते, कुणाला वेरूळ, कुणाला नांदेडचा गुरुद्वारा. आणि जोडगाडीची वाट पाहत, बोचक्यावर डोके टेकून फलाटावर काढलेले चार तास एवढीच काय ती बहुतेकांची मनमाडशी ओळख. 'मनमाड पाहिलंय का?' असे कुणालाही विचारून पाहा. 'हो, रात्री दोन वाजता' असेच उत्तर यायचे.

नकाशात मात्र या गावाचा मान मोठा आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणारी थोरली लाइन, दौंडहून कोपरगाववरून वर येणारी लाइन आणि संभाजीनगर, जालना, परभणी करीत सिकंदराबादेस जाणारी लाइन, अशा तिघींची इथे गाठ पडते. भोवती अन्नधान्य महामंडळाची अवाढव्य कोठारे, पुलांचे गर्डर घडविणारा रेल्वेचा जुना कारखाना, गुप्तसर साहेबचा गुरुद्वारा आणि त्यातला अखंड लंगर. या सगळ्यांवर कडी करणारी पाण्याची टंचाई ही तर गावाच्या पाचवीलाच पुजलेली. मनमाडच्या माणसाला तुम्ही अमृत देऊ केलेत तरी तो आधी 'किती हंडे?' असे विचारील.

या गावात आमचे एक मामा राहतात. सख्खे नव्हेत, आईच्या मामेबहिणीचे यजमान. पण नाते मोजत बसण्याइतके मनुष्यबळ आमच्या कुटुंबात आता उरलेले नाही, म्हणून ते मामाच. गर्डरच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. वयाची ऐंशी उलटली तरी मूठ पान्यासारखी घट्ट आहे. निवृत्तीनंतर त्यांना एकच व्यसन जडले, ते नाण्यांचे. दसरा होऊन तीन-चार दिवस झाले होते. मुंबईच्या उकाड्याला कंटाळून मी त्यांच्याकडे गेलो, तो केवळ स्वस्थ पडून राहावे म्हणून. कसारा घाट, इगतपुरी, नाशिकरोड आणि मग लासलगाव मागे पडले, कांद्याच्या वासाने डबा भरून गेला आणि थोड्याच वेळात मनमाड आले.

मामांचा एक सिद्धांत आहे, आणि तो मला फार आवडतो. ते म्हणतात, गाड्या जशा मनमाडला बदलतात तशी नाणीही इथे बदलतात. आपल्या सरकारच्या टाकसाळी चार: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. ज्या टाकसाळीत नाणे पडले तिची खूण सालाखाली असते. मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा टिंब आणि कोलकात्याची खूणच नाही. खूण नसणे हीच तिची खूण. थोरल्या घराण्याला पाटी लागत नाही, तसे! मनमाड स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याचा गल्ला रात्री पालथा करा. मुंबईच्या गाडीने आलेल्या चौकटी, सिकंदराबादच्या गाडीने आलेल्या चांदण्या आणि नांदेडला निघालेल्या पंजाबी यात्रेकरूंच्या खिशातून पडलेले टिंब, सगळी मंडळी एकाच डब्यात खुळखुळत असतात.

हे बदलण्याचे प्रकरण पूर्वी तर अगदी अक्षरशः खरे होते. सिकंदराबादची लाइन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यातून टाकली गेली, ती थेट १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेज होती. मनमाड इंग्रजी मुलखात, आणि रोटेगावचा मुलूख निजामाचा. इकडचा रुपया कलदार, तिकडचा हाली. सहा कलदार रुपयांना सात हाली असा हिशेब. तेव्हा मनमाडला उतरून तिकडे जायचे म्हणजे गाडी बदला, रुळाची रुंदी बदला आणि खिशातले नाणेही बदला.

मामांनी कपाटातून बिस्किटांचा एक गंजका डबा काढला. त्यात त्यांच्या वडिलांच्या वेळचे चार हाली रुपये होते. नाण्यावर चारमिनार, आणि चारमिनारच्या कमानीत एक फारसी अक्षर. 'हे बघ,' मामा म्हणाले, 'ह्यात मीम आहे. म्हणजे मीर महबूब अली खान. ह्यात ऐन. म्हणजे उस्मान अली, शेवटचा निजाम. तो १९११ साली गादीवर आला. आता हे दोन्ही उस्मानचेच, पण नीट बघ.'

मी पाहिले. एका नाण्यात ऐन तोकडा होता, दुसऱ्यात पुरता शेपटीसकट.

'मग ह्यातलं चुकीचं कुठलं?'

'कुठलंच नाही. आधी अर्धं अक्षर घातलं, मग पुरतं घातलं. टाकसाळीनं मुद्दाम बदललेलं आहे ते. त्याला चूक म्हणायचं नाही. फरक म्हणायचा.'

चूक आणि फरक. हे दोन शब्द मामांनी अशा काही ठसक्यात उच्चारले, की त्यांच्यामागे काहीतरी ताजे प्रकरण असावे हे माझ्या ध्यानात आले. आणि ते प्रकरण दहाच मिनिटांत चपला वाजवीत दारातून आत आले.

शेजारचा मुलगा. वय बावीस-तेवीस. स्टेशनाजवळच्या एका चहाच्या गाडीवर कामाला. रिक्षा घ्यायची म्हणून दोन वर्षे पैसे साठवतो आहे. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पुडीत ठेवलेले दोन रुपयांचे नाणे होते, १९९० च्या दशकातले. तेच ते अकरा कोनांचे, देशाच्या नकाशावर झेंडा असलेले. खाली चांदणी, म्हणजे हैदराबादचे.

'नाना, तुमचं भिंग द्या ना,' तो मामांना म्हणाला. 'आज फोटो पाठवायचाय.'

हळूहळू हकिकत बाहेर आली. त्या नाण्यावरचे सालाचे आकडे दुहेरी दिसत होते. त्याने मोबाइलवर कुठेतरी पाहिले की असल्या नाण्याला 'डबल डाय' म्हणतात आणि त्याला लाखांनी किंमत येते. दिलेल्या नंबरावर त्याने फोटो धाडला. तासाभरात उलट निरोप: अभिनंदन, आपले नाणे ५ लाखांना निवडले आहे. त्यावर एका मोठ्या बँकेच्या बोधचिन्हासारखे काहीतरी गोल चित्र. फक्त फाईल चार्ज म्हणून ६,५०० रुपये गुरुवारपर्यंत भरावेत. तो मंगळवार होता. मुलाच्या आईने भिशी उचलली होती, दिवाळीच्या किराण्यासाठी. त्यातलेच पैसे द्यायचे ठरले होते.

मामांनी एकदम 'फसवणूक आहे' असे म्हटले नाही. तसे म्हटले असते तर पोरगा तडक उठून गेला असता आणि पैसे भरून मोकळा झाला असता. तरुण माणसाच्या आशेला सरळ धक्का दिला की ती दुप्पट घट्ट होते. मामा एवढेच म्हणाले, 'बस. आधी नाणं खरं आहे का ते बघू. खरं असेल तर पाच लाखांत कशाला विकतोस?'

हे बोलणे पोराला पटले. तो मांडी घालून बसला.

मामांनी आतल्या खोलीतून कारखान्यातले सामान आणले. आकड्यांचे पोलादी पंच, एक हातोडी आणि शिशाची जाडसर पट्टी. स्वयंपाकघरात मामींचे करंज्यांचे पीठ भिजवून ठेवलेले होते. त्यातला एक गोळा त्यांनी मामींच्या देखत उचलला. 'अहो, फराळाचं आहे ते!' 'फराळच करतोय!' असा संवाद होऊन प्रयोगास आरंभ झाला.

'नाणं कसं होतं सांगतो. ही पट्टी म्हणजे डाय. डायमध्ये आकडा खोल असतो, म्हणून नाण्यावर तो वर येतो. आता डायमध्ये तो खोल कोण करतो? हा पंच. पंचावर आकडा उठावाचा. पंच पोलादात दाबायचा. पण पोलाद म्हणजे काही लोणी नाही. एका दाबात चित्र पुरतं उतरत नाही, आणि दाबलं की पोलाद आणखी कडक होतं. मग ते भट्टीत घालून नरम करायचं आणि पंच पुन्हा त्याच जागी दाबायचा. त्याच जागी! केसाइतका जरी फिरला, तरी?'

त्यांनी आठाचा पंच शिशावर ठेवून एक घाव घातला. मग पंच उचलला, कणभर बाजूला सरकवून दुसरा घाव. शिशात दोन आठ एकमेकांवर चढून बसले. (आठच का, असे मी विचारले. 'पाचाचा पिठावर उलटा पाच उमटतो, आठाला उलटसुलट सारखंच,' असे उत्तर मिळाले. कारागिराला असले प्रश्न विचारू नयेत.)

'ही झाली डबल डाय. आता पीठ दाब.'

मुलाने पिठाची चकती दाबून उचलली. तिच्यावर दुहेरी आठ. दुसरी दाबली, दुहेरी आठ. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्यांवर तसाच दुहेरी आठ, त्याच जागी, तेवढाच सरकलेला.

मग मामांनी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला एकच स्वच्छ आठ ठोकला. मुलाला म्हणाले, 'आता ह्याच्यावर दाब, पण उचलताना हात जरा घसरू दे.' त्याने तसे केले. चकतीवर आठ उमटला, पण त्याची एक कड चेपून बाजूला ओढली गेली होती. जणू आठाला सावली पडली. पुन्हा दाबले तर सावली दुसरीकडे. तिसऱ्या वेळी सावलीच नाही.

'हे बघ. ह्यात डायचा काही दोष नाही. हात घसरला, झालं. टाकसाळीत मिनिटाला शेकडो नाणी पडतात. यंत्रात डाय जरा सैल असली, तर ठोका बसल्याबरोबर ती किंचित सरकते आणि नुकतं वर आलेलं अक्षर चेपते. अशी नाणी ढिगांनी असतात.'

यानंतरचा अर्धा तास मला फार मोलाचा वाटतो, म्हणून तो जरा तपशिलाने सांगतो. दिवाळी अंकात फराळाच्या कृती येतात, तशी ही एक नाणे पाहण्याची कृती समजा. मामांनी टेबलावरचा दिवा आडवा केला, प्रकाश तिरपा पडावा म्हणून. वरून पडणाऱ्या उजेडात नाणे खोटे बोलते, असे त्यांचे मत. मग घड्याळजीचे, दहा पटींनी मोठे दाखविणारे भिंग डोळ्याला लावले.

पहिला प्रश्न: अक्षर जाड झाले आहे की बारीक? डायमध्येच चित्र दोनदा बसलेले असेल, तर मूळ अक्षर शाबूत राहून त्यात दुसऱ्याची भर पडलेली असते. म्हणजे अक्षर जाड दिसले पाहिजे. ठोक्याच्या वेळी डाय सरकली असेल तर ती मूळ अक्षराच्याच अंगचे मांस चेपून बाजूला ढकलते. भर पडत नाही, उलट मूळ अक्षर किरटे होते. दुसरा प्रश्न: दुसरी आकृती गोलसर उठावाची आहे, की सपाट पायरीसारखी? खऱ्या दुहेरीत दोन्ही आकृत्यांना अंग असते, आणि अक्षराच्या टोकाला, जिथे दोन टोके शेजारी येतात, तिथे पाखराच्या उघड्या चोचीसारखी स्पष्ट खाच पडते. सरकलेल्या ठोक्यात खाच नसते. नाण्याच्या जमिनीलगत एक बसकी, चकचकीत पायरी तेवढी असते. तिसराही एक प्रकार आहे. डाय झिजत आली की अक्षरांच्या कडा सुजतात, ओल्या भिंतीवर चुन्याने लिहिल्यासारखे सगळे पसरट दिसते. तेही दुहेरी वाटते, पण तो म्हातारपणाचा परिणाम. त्याला कोणी पैसे देत नाही, हे मामांनी किंचित खेदाने सांगितले.

आणि शेवटचा प्रश्न, सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत सोपा: असेच दुसरे नाणे कुठे आहे? एक डाय मोडण्यापूर्वी हजारो, लाखो नाणी पाडते. दोष डायमध्ये असेल, तर त्या सगळ्या भावंडांच्या अंगावर तोच तीळ त्याच जागी असणार. जगात एकच आहे असे ज्या डबल डायबद्दल सांगतात, त्याबद्दल पहिल्यांदा संशयच घ्यावा.

यातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत १९५५ साली एक सेंटच्या नाण्याची डाय अशी दुहेरी निघाली. साल आणि अक्षरे इतकी स्वच्छ दुहेरी, की भिंगाचीही गरज नाही. चूक ध्यानात आली तोवर ती नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळून गेली होती. सगळा ढीग वितळवायचा की जाऊ द्यायचा, असा प्रश्न पडला, तेव्हा टाकसाळवाल्यांनी जाऊ द्यायचे ठरविले. वीस हजारांहून अधिक नाणी अशी बाहेर पडली. त्या काळी तिकडे यंत्रात नाणे टाकून सिगारेटचे पाकीट घेत. पाकिटाच्या वेष्टनात सुटे सेंट परत यायचे. त्या सुट्या पैशांतून ही नाणी लोकांच्या हाती पडली. आज त्यांना मोठी किंमत येते. गंमत पुढेच आहे. त्याच १९५५ सालच्या, झिजलेल्या डायच्या सेंटवर शेवटचा पाच थोडासा दुहेरी दिसतो. तिकडचे लोक त्याला 'गरिबाची डबल डाय' म्हणतात. साल तेच, टाकसाळ तीच, दिसायलाही दुहेरी. आणि किंमत मात्र एक कप चहाची.

'माझं कुठलं?' मुलाने विचारले.

मामांनी भिंग त्याच्याच हातात दिले. 'तूच बघ आणि सांग. मी बोलणार नाही.'

तो बराच वेळ पाहत होता. नाणे फिरवून, दिव्याजवळ नेऊन, पुन्हा दूर नेऊन. मामी मधूनच आत-बाहेर करीत होत्या. शेवटी तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, 'नऊ बारीक झालाय, नाना.' थोड्या वेळाने, 'आणि बाजूला पायरीच आहे. खाच नाही.'

मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त डब्यातली दोन रुपयांची सात-आठ नाणी त्याच्यापुढे टाकली. त्यातल्या दोघांवर तशीच पायरी होती. एकावर साल डावीकडे सरकलेले, दुसऱ्यावर उजवीकडे.

माझ्या मते खरी परीक्षा यानंतर होती. नाणे कळणे निराळे आणि पाच लाख रुपये मनातून जाणे निराळे. पोरगा म्हणाला, 'पण त्यांनी तर निवडलंय ना!' मामा म्हणाले, 'मग फोन लाव. भांडू नकोस. एवढंच विचार, की ह्याच डायचं दुसरं नाणं तुमच्याकडे असेल, त्याचा फोटो पाठवा.'

त्याने फोन लावला. पलीकडचा गृहस्थ मोठ्या अदबीने 'सर, सर' करीत होता. प्रश्न ऐकल्यावर तो क्षणभर थांबला, आणि मग म्हणाला, आधी फाईल ओपन करावी लागेल, मग सगळे पाठवू. मुलाने पुन्हा विचारले. पुन्हा फाईल. तिसऱ्यांदा विचारल्यावर अदब संपली आणि फोनही संपला.

या धंद्याविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर इशारा दिला होता. काही लोक बँकेचे नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात फी, कमिशन किंवा कर मागत आहेत. बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि असे पैसे कधी मागत नाही, असे तिने स्पष्ट सांगितले होते. ते मी मुलाला सांगितले. त्याने ऐकून घेतले, पण मला वाटते त्या सरकारी इशाऱ्यापेक्षा पिठावरच्या आठानेच त्याचे काम केले होते. त्याच्या आईचे ६,५०० रुपये वाचले. तो मात्र त्या रात्री जेवला नाही, असे मामी सकाळी म्हणाल्या.

नाण्यातला फरक दिसला की माणसाची बुद्धी दोनच दिशांनी धावते. एक तर हे नाणे लाखमोलाचे असेल, नाहीतर हे नाणे खोटे असेल. ते साधेच असेल, ही गोष्ट कुणाला सुचत नाही. दहा रुपयांच्या नाण्याचे काय झाले ते आठवा. एकावर दहा किरण, दुसऱ्यावर पंधरा. एकावर रुपयाचे नवे चिन्ह, दुसऱ्यावर नाही. तेवढ्यावरून कितीतरी गावांतल्या दुकानदारांनी ती घ्यायचीच बंद केली. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की आजवर १४ नमुन्यांची दहाची नाणी निघाली आहेत आणि ती सगळी चालतात. त्यानंतरही मनमाडच्या भाजीबाजारात एका बाईने माझ्याकडचे दहाचे नाणे उलटसुलट करून, 'हे नको, नोट द्या' म्हणून परत केले. वास्तविक नमुना बदलणे हा तर टाकसाळीचा नित्यक्रम. मामा बोटावर मोजून दाखवितात. १९८५ च्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी 'एच' आहे, कारण ते बर्मिंगहॅमहून पाडून आणले होते. २००७ पासून काही वर्षे रुपयावर अंगठा वर केलेली हस्तमुद्रा होती. मनमाडकरांना त्या नाण्याचे विशेष प्रेम; कारण अंकाई-टंकाईच्या बाजूला हडबीची शेंडी म्हणून जो सुळका आहे, तो गाडीतून थेट तसाच वर केलेल्या अंगठ्यासारखा दिसतो. सरकारने आमचा डोंगर रुपयावर छापला, असे इथली पोरे बिनदिक्कत सांगत.

आणि फरकाची थोरली गोष्ट म्हणजे १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. बादशहाच्या झग्यावर मानचिन्हांची माळ, तिच्यात एक चिमुकला हत्ती. खोदणाऱ्याच्या हातून सोंड अशी तोकडी उतरली की लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसू लागला. देशभर कुरकुर सुरू झाली, मुसलमान समाजात तर विशेष. सुमारे ९४ लाख रुपये पाडलेले होते, त्यातले ७ लाखांच्या आसपास बाहेर गेलेले. बाकीचे थांबवून वितळवले आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आली. हा रुपया संग्राहक आवडीने घेतात. पण तीही डबल डाय नव्हे. सरळ सरळ चित्र बदलले.

दुसऱ्या दिवशी मामांनी टूम काढली की चांदवडला जायचे. शेजारच्या मुलालाही बरोबर घेतले. 'घरात बसला तर फोनच बघत बसेल,' असे कारण त्यांनी माझ्या कानात सांगितले.

चांदवड मनमाडपासून पंचवीसेक किलोमीटरवर. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे जुने गाव, होळकरांचे. डोंगराच्या पोटात रेणुकादेवीचे मंदिर, गावात रंगमहाल. त्याचे कोरीव लाकडी खांब पाहून मान दुखेपर्यंत वर बघावे. पण मामांचे लक्ष निराळीकडे. पेशवाईत इथे टाकसाळ होती. चांदवडचा तो चांदोरी रुपया, नाशिक-खानदेशात आणि त्यापलीकडेही चालणारा. किल्ल्यावर टाकसाळीची जागा गावकरी अजून दाखवितात. आमच्यातल्या दोघांचे गुडघे लक्षात घेता आम्ही ती खालूनच पाहिली.

नाशिक जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये या टाकसाळीचे काम कसे चाले ते दिले आहे, आणि मामांना ते जवळजवळ पाठ आहे. चारशे कामकरी. प्रत्येकाला चांदी तोलून द्यायची, त्याने तिचे तुकडे करायचे, गोल करायचे, वजन करायचे. आकार कसाही असो, वजन बिनचूक पाहिजे. त्यासाठी प्रत्येकाजवळ स्वतःचा तराजू. मग छाप मारायचे काम. खाली ऐरणीसारखे लोखंड, त्याच्या मधल्या खळग्यात अक्षरे कोरलेली. एकाने तुकडा खळग्यात टाकायचा, दुसऱ्याने वरून ठसा धरायचा, तिसऱ्याने सहा पौंडी हातोड्याचा घाव घालायचा. तिघांनी मिळून तासाला दोन हजार, दहा तासांच्या दिवसाला वीस हजार रुपये.

'तासाला दोन हजार,' मुलगा पुटपुटला. त्याने मनात भागाकार केला असावा. 'म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत एकाला.'

'नाहीतच. आणि ठसा नाण्यापेक्षा मोठा. म्हणून सगळी अक्षरं एका रुपयावर कधी येतच नाहीत. कुणाला डोकं, कुणाला पाय.'

गावात मामांच्या ओळखीचे एक वयस्क सराफ आहेत. त्यांनी आम्हांला गूळपाणी दिले आणि गल्ल्यामागच्या पेटीतून चार चांदोरी रुपये काढून कापडावर ठेवले. जाड, बुटके, कडा ओबडधोबड. दिल्लीच्या बादशहाच्या नावाची फारसी अक्षरे. त्यातल्या एकावर अक्षरांची एक ओळ चक्क दुहेरी होती. एकावर एक, दोन्ही ठळक, दोन्ही उठावदार. माझ्या मनात आले, आता झाली पंचाईत. पायरी नाही, अक्षर किरटे नाही, कालच्या कसोटीने हे खरेच ठरायचे.

मुलाने खिशातून भिंग काढले. मामांनी ते त्याला देऊन टाकले होते, हे मला तेव्हाच कळले. तो दाराशी उजेडाला गेला, रुपया तिरपा धरून पाहत राहिला.

'हातोडा दोनदा बसलाय,' तो म्हणाला. 'पहिल्या घावाला नाणं उडालं आणि दुसरा वाकडा बसला. हे ह्या एकट्याचंच असणार.'

'कशावरून?' सराफ म्हणाले. 'ठसाच दुहेरी नसेल कशावरून?'

'दुहेरी व्हायला पंच दोनदा दाबावा लागतो, बाबा. इथं पंच कुठं होता? ठशावरची अक्षरं हातानंच कोरलेली. प्रत्येक ठसा निराळा. आणि हे बघा, पहिली ओळ दुसरीच्या खाली चेपलीय, जिथं घाव पडला तिथं.'

सराफांनी मामांकडे पाहिले. मामा गूळ खात होते.

'घ्यायचाय का?' सराफांनी मुलाला विचारले. 'चांदीच्या भावात देईन. वर काही नाही.'

मुलाने चांदीचा भाव विचारला, तो ऐकून रुपया जपून कापडावर ठेवला आणि म्हणाला, 'आत्ता नको. आधी रिक्षा.'